तांदळाएवढा तुकडा

काढलेल्या दाताचं पुढे काय होतं, हे पेशंट हमखास विचारतात. काही जण कागदात गुंडाळून घरीही नेतात. पण त्या दातामागचे किस्से कुठे जातात, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मी सांगतो. ते आमच्या गाडीत साचतात. घोडबंदर रोडला पाऊण तास एकाच ट्रकचं बूड बघत बसलं की जुने दोन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी नवे चार जाऊन बसतात. गाडी हल्ली ॲव्हरेज देत नाही. सावंत म्हणतो, इंजिनचं काम निघालंय. मी म्हणतो, किश्शांचं वजन आहे.

गाडीत आम्ही तिघं. मॅडम म्हणजे ओरल सर्जन. त्यांचा स्वतःचा दवाखाना नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत चौदा-पंधरा डेंटिस्ट आहेत; आडव्या दाढा, गाठी, मोडलेले जबडे असलं काही आलं की ते बाजूला ठेवतात आणि मॅडमना वार लावून बोलावतात. मंगळवारी घोडबंदर, बुधवारी कळवा, शुक्रवारी बाळकुम, शनिवारी डोंबिवली-कल्याण. हत्यारांचे दोन स्टीलचे डबे डिकीत. ती हत्यारं वाफेत घालणं, पेशंटचा गाल ओढून धरणं, रक्त-थुंकी खेचणारी नळी धरणं ही माझी कामं. मी आधी कवळ्या बनवायचो. म्हणजे पूर्वी मी लोकांना दात द्यायचो, आता न्यायला येतो.

आणि गाडी चालवतो सावंत. कळव्याचा, अठ्ठेचाळीस वर्षांचा. वीस वर्षं तंबाखूची पुडी डाव्या गालात. चार वर्षांपूर्वी सोडली. मॅडम मागे बसलेल्या असताना काच खाली करून थुंकायची लाज वाटायला लागली म्हणून. पण त्याने पुडी सोडली तरी पुडीने गाल सोडला नाही. आत रुपयाएवढा पांढरा डाग, मध्ये लालसर. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. सावंतची दोन जातात, तीही दाटीवाटीने. पाणीपुरी तो फोडून खातो. पाणी प्लेटमध्ये, पुरी तोंडात.

मॅडम वर्षभर एकच वाक्य सांगतायत. "सावंत, तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवू. आत्ता कळलं तर काम लहान आहे."

सावंतचंही उत्तर ठरलेलं. "काढू ना मॅडम. गणपती होऊन जाऊ द्या."

*

गणपतीनंतरच्या मंगळवारची गोष्ट. घोडबंदरच्या दवाखान्यात एक आयटीवाला मॅनेजर आला. खालची अक्कलदाढ झोपलेली, तीही शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून. मॅडम निवांत पडलेल्या दाढेला उगाच हात लावत नाहीत. पण हिच्यामुळे तीन वर्षांत पाच वेळा गाल सुजलेला, आणि आता शेजारची चांगली दाढ किडायला लागलेली. म्हणजे काढणं आलंच.

मॅडमची उंची पाच फूट, वजन पर्ससकट शेहेचाळीस किलो. मॅनेजरने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. बघायला फार वेळ लागला नाही.

"काढणारे सर कधी येणार?" त्याने विचारलं.

"येतीलच," मॅडम म्हणाल्या. "तोवर मी भूल देऊन ठेवते."

भूल दिली. हिरडी उघडली, दाढेचे दोन तुकडे केले, काढले, तीन टाके घातले. चौदा मिनिटं. मी सांगताना अकरा सांगतो. मॅनेजर तोंडात कापूस धरून दाराकडे बघत बसलेला. मॅडमनी सांगितलं, झालं, आता घरी जाऊन आइस्क्रीम खा. त्याने कापसाआडून विचारलं, आणि सर?

"ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

दोन दिवसांनी त्याने ऑनलाइन रिव्ह्यू टाकला. 'सर शेवटपर्यंत आले नाहीत, पण असिस्टंट मॅडमनी छान सांभाळून घेतलं. चार स्टार.'

गाडीत आम्ही हसलो. सावंतही हसला, तोंडावर हात धरून. मॅडमनी आरशातून बघितलं आणि म्हणाल्या, गणपती झाले सावंत. सावंत म्हणाला, आता नवरात्र बसतंय.

*

डोंबिवलीच्या एक निवृत्त बाई. आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं. वरचा सुळा मुळापासून मोडलेला आणि त्याच्यावर हिरडीत पू. ठेवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पण बाई हटून बसल्या. वरचा दात काढला की नजर जाते, हे त्यांच्या आईने सांगितलेलं, आईला त्यांच्या आजीने.

मॅडमनी चित्र काढून दाखवलं. डोळ्याची शीर वेगळी, दाताची वेगळी, दोघींची ओळखसुद्धा नाही. बाईंनी चित्रातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि शेवटी तयार झाल्या. चष्मा काढून यजमानांच्या हातात दिला. यजमान बाहेर बाकावर बसून काळजीने दोन्ही चष्मे आलटून पालटून पुसत राहिले.

दात निघाला. बाई बाहेर आल्या, चष्मा घातला आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "मला धूसर दिसतंय. मी म्हटलं नव्हतं?"

 तेवढ्यात बाकावरून यजमान चाचपडत उठले. त्यांचा आवाज बाईंपेक्षा घाबरलेला.

"अहो डॉक्टर, दात हिचा काढलात ना? मग मला का दिसेनासं झालं?"

*

बाळकुमला एका घरी लग्न. आठ दिवस आधी नवरदेव बाइकवरून खड्ड्यात पडला. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. मॅडमनी वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खाणंपिणं सगळं पातळ, स्ट्रॉने.

लग्नाच्या तोंडावर अपघात म्हणजे मुलीकडचे अपशकुन धरतील. म्हणून मुलाच्या काकाने मांडवात सांगून टाकलं की पोराने व्रत धरलंय. मौनाचं. वर उपास. हळदीला दीड हजार पान मटण जेवलं, नवरदेव कोपऱ्यात बसून सूप ओढतोय. उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने दातांमधून काहीतरी फुसफुस केलं. बायकोचं नाव कोणाला ऐकू आलं नाही, पण व्रतात असूनही नाव घेतलं म्हणून बायकांच्या डोळ्यांत पाणी.

तारा काढायला आला तेव्हा काका सोबत. चेहरा पडलेला. मॅडमनी विचारलं, हाड छान जुळलंय, आता काय झालं?

"मॅडम, तिच्या मावशीचे रोज फोन येतान. बोलते, ते कुठल्या देवाचा व्रत होता ते सांगा. तिचा नवरा जाम बोलतं."

*

पुढचा किस्सा गाडीत कोणी काढत नाही. पण सगळ्यांच्या लक्षात आहे.

बाळकुमच्याच एका कॉम्प्लेक्सचा वॉचमन. खालची दाढ किडलेली. दुखली तेव्हा लवंग, मग बाम, मग चुना-हळद, मग वरून गरम शेक. डॉक्टरकडे न जाण्याचे जेवढे उपाय आहेत तेवढे सगळे करून तो नवव्या दिवशी आला. सूज गालावरून गळ्यात उतरलेली. थुंकी गिळता येत नव्हती, बोलला तर तोंडात गरम बटाटा असल्यासारखा आवाज. मॅडमनी गळ्याला हात लावला आणि हातमोजे काढूनच टाकले. इथे नाही, म्हणाल्या, हॉस्पिटल, आत्ता. श्वास कोंडू शकतो.

तो म्हणाला, ड्युटीवर रिलिव्हर आला की जातो.

त्याला आम्ही आमच्याच गाडीत घातला. तो पुढे, मॅडम आणि मी मागे. सावंतने त्या दिवशी गाडी जशी मारली तशी परत कधी मारली नाही. हॉर्नवरचा हात काढला नाही आणि तोंडाचा पट्टाही थांबवला नाही. नऊ दिवस? डोकं आहे का खोकं? दवाखाना बिल्डिंगच्या समोर, आणि तू नंतर, नंतर करत बसतोस? तुझ्या मागे बायकापोरं नाहीत का? असल्या माणसांना फोडून काढलं पाहिजे!

वॉचमन काचेला डोकं टेकून ऐकत होता. त्याला उत्तर देता येत नव्हतं.

मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "सावंत, तुमचा कितवा महिना?"

सावंतने रेडिओ लावला.

गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढला, गळ्यात नळी घातली, सगळं केलं. सहाव्या दिवशी वॉचमन गेला. त्याच्या जागी रिलिव्हर कायम झाला.

नंतरच्या शुक्रवारी मॅडमनी परत विषय काढला. सावंत म्हणाला, मुलीची बारावी आहे मॅडम. परीक्षा होऊ द्या.

*

आता तुम्ही म्हणाल, एवढं बघून माणूस ऐकत कसा नाही? त्याचं असं आहे, की सावंत अडाणी नाही. उलट तुकडा काढून घ्यायला लोकांना तयार करावं ते सावंतनेच. गाडी लावली की तो दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. पेशंट मॅडमचं ऐकत नाहीत, डेंटिस्टचं ऐकत नाहीत, ड्रायव्हरचं ऐकतात. मोजून सांगत नाही, पण चाळीस-पन्नास माणसं त्याने त्या खुर्चीत बसवली असतील. "गूळ घेताना खडा तोंडात टाकून बघता ना? तसंच. तांदळाएवढा तुकडा, एक टाका, संपलं."

एकदा कळव्याला पेशंट यायचे होते. आम्ही दोघं गाडीत. मी मस्करीत म्हटलं, अरे एजंट, दुसऱ्यांची घरं विकतोस, स्वतः भाड्याने किती दिवस राहणार?

तो हसला नाही. समोर बघत म्हणाला, "गोरेभाऊ, दादाचा पण तुकडाच काढलेला."

त्याचा मोठा भाऊ. जिभेवर जखम होती. वर्षभर तशीच होती, न वाढणारी. मग घरच्यांनी ओढत नेला, तुकडा काढला, आणि पाच महिन्यांत माणूस आटोपला. घरात सगळ्यांचं एकमत. हत्यार लागलं म्हणून भडकलं. नसतं लावलं तर तसंच राहिलं असतं.

मी म्हटलं, अरे, उशिरा नेलं म्हणून गेला. हत्यार लागून आजार वाढत नाही. तूच नाही का रोज सांगतोस लोकांना?

"सांगतो ना," सावंत म्हणाला. "खरंच आहे ते. मॅडम बोलतात म्हणजे खरंच असणार. पण हत्यारं रोज माझ्याच डिकीत असतात, गोरेभाऊ. ब्रेक मारला की वाजतात. मला दादा ऐकू येतो."

इतकी वर्षं मी कुठल्याही किश्शाला तिखटमीठ लावून सांगतो. या वाक्याला काय लावायचं ते सुचलं नाही. मी काच खाली केली.

*

आणि आता नाना.

बाळकुमचे. ऐंशीच्या आसपास. तरुणपणी मिठागरात पायांची सालटी काढलेली, आता त्यांच्याच कुटुंबाच्या शेतावर तीन टॉवर उभे आणि नाना बाराव्या मजल्यावर. जिभेच्या कडेला महिन्याभराची जखम, भरत नव्हती. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कुठलीही जखम मॅडम सोडत नाहीत. पण नाना खुर्चीत बसायलाच तयार नाहीत. सोबत आलेली सून रडकुंडीला.

"हत्यार नय लावाचा," नाना म्हणाले. "वाढतं."

मॅडमनी समजावलं, डेंटिस्टने समजावलं. शेवटी नेहमीप्रमाणे सावंतला बाकावर सोडलं. सावंतने गूळ, तांदूळ, टाका सगळं सांगून झालं. नाना ढिम्म. शेवटी नाना काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, दुसऱ्याच्या जिभेवर बोलाला सोप्पं हाय. तुजा तुकडा काढलास का?

मी दारात उभा होतो. माझ्यासमोर सावंत बोलला, "काढला ना. मागच्या वर्षी. काय झालं मला? गाडी चालवतो."

सून लगेच म्हणाली, बघा मामंजी. मॅडमनी आतून मान वर केली. मला वाटलं, जमलं. खोटं तर खोटं, म्हातारा बसेल.

नानांनी मोबाइल काढला, टॉर्च लावला. "दाखव. कुठं काढलान?"

सावंत हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी त्याची हनुवटी धरली. मिठागरवाल्याची पकड ती, ऐंशीत पण सैल नाही. सावंतने तोंड उघडलं. दोन बोटं. नानांनी डावा गाल बाजूला करून आत उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिले. मी आयुष्यात एवढे दवाखाने फिरलो, पेशंटला असा कोणाच्या तोंडात बघताना बघितलेलं नाही.

त्यांनी टॉर्च बंद केला.

"खोटा बोलतंस. माजे परीस तुजा खराब हाय."

 नाना काठी टेकत उठले, आतल्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "पयला तो. मंग मी."

मॅडम सावंतकडे बघत नव्हत्या. त्या हातमोजे चढवत होत्या. मी डबा उघडला, तो वाजला. सावंतने माझ्याकडे बघितलं. मग बूट काढले, कशाला ते त्यालाच माहीत, आणि मोज्यांवर आत जाऊन खुर्चीत आडवा झाला.

मी त्याचा गाल धरला. किती गाल धरलेत, पण हा बोटांखाली पुठ्ठ्यासारखा लागला. सुई लागली तेव्हा त्याने डोळे मिटले. नाना उशाशी उभे राहून त्याला सगळं सांगत होते, जणू सावंत बाकावर आहे आणि ते ड्रायव्हर. "झाला. टाका घालतान. एकच. झाला."

मग नाना बसले.  दोन छोट्या बाटल्या, दोन लेबलं. मी दोनदा तपासून चिकटवली.

रिपोर्ट लॅबमधून आणायचं काम सावंतचंच असतं. अकराव्या दिवशी, मंगळवारी, त्याने नेहमीसारखी दोन पाकिटं आणली, उघडली नव्हती. घोडबंदरला सिग्नल लागलेला. मॅडमनी मागे बसून पहिलं फोडलं, वाचलं आणि म्हणाल्या, नानांचं साधं आहे. तुटक्या दाढेचं टोक लागत होतं. घासून दिलं की भरेल. मग दुसरं फोडलं. वाचलं. परत पहिल्या ओळीपासून वाचलं. घडी घालून पाकिटात ठेवलं आणि पाकीट पर्समध्ये.

सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न मारत होती. सावंतने गिअर टाकला नाही.

"उद्या सकाळी आपण मुंबईला जातोय, सावंत," मॅडम म्हणाल्या. "मिसेसना पण घ्या. गाडी मी चालवेन."

"मॅडम, उद्या बुधवार. कळव्याला सहा पेशंट आहेत."

"मी फोन करते त्यांना."

सावंतने मान हलवली आणि गाडी पुढे घेतली. दोन-तीन मिनिटं गेली असतील. डॅशबोर्डवर त्याचा मोबाइल वाजला. नाना. गाडी चालवताना तो फोन स्पीकरवर टाकतो, तसा टाकला.

"सावंत, कागद आला का रं?"

"आला नाना. तुमचं काय नाय. दाढ लागत होती. शुक्रवारी या, मॅडम घासून देतील."

 मग नानांनी कोणाला तरी हाक मारून सांगितलं, मागे बाईमाणसाचा रडल्यासारखा आवाज. मग परत नाना.

"नि तुजा?"

सावंतने आरशात बघितलं. मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"माझं पण तेच. सेम टू सेम. बोललो होतो ना, काय होत नाय?"

"मंग माजे पुतन्याला पाठवताव. त्याचे पन तोंडान हाय. मना बोलते, हत्यार नको."

"पाठवा ना," सावंत म्हणाला. "मी समजावतो त्याला. फक्त उद्या नको."